लखनौच्या घरात चतुर्दशीची भुतं

ऑक्टोबर अर्धा सरला की लखनौच्या मॉलमध्ये प्लास्टिकचे सांगाडे टांगले जातात, कॅफेंच्या काचांवर काळी-नारिंगी वटवाघळं चिकटतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, ‘या वर्षी हॅलोविन करायचं का?’ करा की! भुतं मुलांना आवडतात. मोठ्यांनाही आवडतात, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की त्यासाठी रबरी हात आणि रक्ताळलेले पडदे ऑनलाइन मागवायची गरज नाही. भीती वस्तूंनी येत नाही, अंधारानं येते. अंधाराला लागणारं बाकी सगळं या शहराच्या बाजारात आणि तुमच्या कपाटात आहे.

आधी दिवस ठरवा. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला बांधलेलं; आपली नरक चतुर्दशी तिथीबरोबर फिरते. २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी आली होती. २०२५ मध्ये दिवाळी आधी आटोपली आणि हॅलोविन मागून आलं. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी आणि लक्ष्मीपूजन त्यानंतरच्या आठवड्यात, रविवारी ८ नोव्हेंबरला. मला विचाराल तर तारखेपेक्षा तिथी धरा. आश्विन वद्य चतुर्दशीचा अंधार रात्रभर टिकतो, आणि ही तिथी भुताखेतांना नवी नाही. लखनौतल्या बंगाली घरांत तिला भूत चतुर्दशीच म्हणतात. हिवेट रोडच्या (आताचा शिवाजी मार्ग, मराठी माणसानं नोंद घ्यावी) बंगाली ओळखीपाळखीत विचारून पाहा: त्या संध्याकाळी चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी घराच्या कानाकोपऱ्यात चौदा दिवे लावतात आणि जेवणात चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र करून खातात. अवधी घरांत त्याच रात्री, सगळे घरी परतल्यावर, घरातली सर्वांत वडीलधारी बाई जुन्या पणतीत मोहरीचं तेल घालून यमाचा दिवा उंबऱ्याबाहेर नालीपाशी ठेवते, दक्षिणेकडे तोंड करून. आपण यमदीपदान धनत्रयोदशीलाच उरकतो आणि चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगानंतर पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतो. गोव्यात तर त्या पहाटे दहा-वीस फुटी नरकासुर जाळतात. म्हणजे चौक भागातल्या सराफ्यात सोनं गाळायला सांगलीकडून आलेलं गलाईवाल्याचं कुटुंब असो की बदलीवर आलेलं बँकवाल्याचं, भुतांची संध्याकाळ करायला कोणालाच उसनं निमित्त लागत नाही.

आता घर. पहिलं काम खरेदीचं नाही, बटणाचं. दिवाळीच्या चिनी माळा बाल्कनीत आधीच लागलेल्या असतात. त्या एका संध्याकाळी त्या बंद. दिवाणखान्यातली ट्यूब बंद. उजेड छतावरून आला की भीती पळते. तो जमिनीवरून, खालून वर यायला हवा. एक पणती जमिनीवर ठेवा आणि तिच्यापुढे हातभर अंतरावर कुठलीही ओबडधोबड वस्तू ठेवा: पितळी तांब्या, सुकलेली फांदी, उलटी केरसुणी. भिंतीवर सावली छतापर्यंत जाते. वस्तू दिव्याच्या जितकी जवळ, तितकी सावली मोठी. घरातली पोरं हा नियम पाच मिनिटांत शिकतात आणि मग तुम्हाला काही करावंच लागत नाही. चौकातल्या जुन्या घरांत भिंतींत कोनाडे असतात, इथे त्यांना ताखा म्हणतात. वर्षानुवर्षांच्या दिव्यांनी वरची कड काळवंडलेली असते, ती तशीच राहू द्या. गोमतीनगरच्या फ्लॅटमध्ये कोनाडा नाही, तर बिस्किटाचा पत्र्याचा डबा आडवा करून कपाटावर ठेवा आणि आत दिवा. काम तेच होतं.

सजावटीला सुरुवात करण्याआधी एक दुपार ब्रिटिशांच्या जुन्या रेसिडेन्सीत घालवा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. १८५७ च्या उन्हाळ्यात, ३० जूनच्या चिनहटच्या लढाईनंतर, हा परिसर वेढला गेला आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेढ्यातच राहिला. गिलावा उडालेल्या भिंतींतून लखौरी विटा दिसतात, त्या पातळ, बोटाएवढ्या जाडीच्या. त्यांवर तोफगोळ्यांचे खड्डे आहेत. तिथे रक्त नाही, कवट्या नाहीत, कोणी भीती घालायला उभं नाही. छप्पर नसलेल्या खोल्या आहेत आणि खिडक्यांच्या जागी भोकं. तरी उन्हं कलली की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. घरी परतल्यावर मॉलच्या दुकानातला लाल रंग तुम्ही विकत घेणार नाही याची मला खात्री आहे. तिथून राखाडी, विटकरी आणि मळका पांढरा, एवढे तीनच रंग घेऊन या.

पांढरा रंग म्हणजे अर्थात चिकनचं भरतकाम. कपाटाच्या तळाशी पिवळट पडलेला मलमलचा कुर्ता किंवा ओढणी असतेच. नसेल तर अमीनाबादच्या गल्ल्यांत कटपीस मिळतो. फक्त कापड सुती घ्या. जॉर्जेटवरचं चिकन ठिणगी लागताच वितळून अंगाला चिकटतं, त्याला हात लावू नका. तारेचं एक गोल कडं करा, खांद्याएवढं रुंद. त्यावर कापड टाकून ते पंख्याच्या हुकाला नव्हे, भिंतीपासून हातभर पुढे, पडद्याच्या दांडीला दोऱ्यानं टांगा. मागून बॅटरीवरची छोटी एलईडी मेणबत्ती. आता चिकनमधली जाळी कामाला येते: कारागिरानं कापडाचे धागे सुईनं बाजूला सारून केलेली ती छिद्रं उजेड गाळतात आणि मुर्री-फंद्याच्या टाक्यांचे टपोरे ठिपके कापडावर गडद उमटतात. चेहरा काढू नका. डोळ्यांसाठी दोन काळी वर्तुळं काढली की भुताचं कार्टून झालं. पंखा एकवर ठेवला की कापड जेमतेम हलतं. दोनवर ठेवलात तर ते वाळत घातलेल्या कपड्यासारखं फडफडतं.

वटवाघळं पतंगवाल्याकडे. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघट असतो, गच्च्या-गच्च्यांवर पतंगांची लढाई. त्यामुळे दिवाळीआधीच पतंगांची दुकानं भरलेली असतात. काळ्या कागदाचे कनकव्वे घ्या, शक्यतो लहान. पतंगाची मधली काडी ठड्डा आणि वरची वाकवलेली काडी काँप. वटवाघळाचे पंख म्हणजे ती काँपच असते, फक्त खालची कड कात्रीनं तीन-चार कमानींत कापायची. ठड्डा अर्धा ठेवून उरलेला मोडून टाकला की पंख आपोआप थोडे पुढे झुकतात. खोलीभर विखरू नका. एका कोपऱ्यात दहा-बारा, खालून वर लहान होत जाणारे, म्हणजे थवा खिडकीतून बाहेर पडतोय असं वाटतं. टांगायला साधा सुती दोरा वापरा. नायलॉनचा मांजा राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंद केला आहे. तो बाल्कनीत उरला तर पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो.

आता भोपळा, कारण त्याच्याशिवाय मुलं ऐकणार नाहीत. मजा अशी, की आयर्लंडच्या ज्या गावांतून हा सण अमेरिकेला गेला तिथे भोपळा नव्हताच, सलगम कोरायचे. तिथले लोक अमेरिकेत पोचले तेव्हा त्यांना भोपळा सोपा वाटला. आपल्याकडचा भोपळा मात्र अमेरिकन भोपळ्यासारखा पातळ नाही. मंडईतला कद्दू चपटा, जाड गराचा आणि टणक. नीट पाहून घ्या: देठ शाबूत, सालीवर नखाचा ओरखडा उमटू नये, बुडाशी मऊ डाग नको. तीन-चार किलोचा पुरे. बहुतेक जण वरून झाकण कापतात. ते झाकण दुसऱ्या दिवशी आकसून आत पडतं. त्याऐवजी बुडाला वाटीएवढं गोल भोक पाडा. बिया आणि तंतू पळीनं खरवडून काढा, आणि ज्या बाजूला कोरायचं ती बाजू आतून अंगठ्याएवढी पातळ करा. आपल्या भोपळ्याच्या बाबतीत सगळी मेहनत इथेच आहे. मग भोपळा सरळ दिव्यावर पालथा घालता येतो.

कोरायचं काय? तिकोनी डोळे आणि करवतीसारखे दात सगळ्या जगात सारखेच. लखनौत बसून ते करण्यात मला रस वाटत नाही. त्यापेक्षा चिकनचीच जाळी काढा: पेनानं एक पान किंवा कैरीचा आकार आखा, आणि पेचकसानं किंवा बारीक ड्रिलनं कडेकडेनं भोकं पाडा. चाकूपेक्षा हे सुरक्षित, आठ-नऊ वर्षांची मुलं मोठ्यांच्या नजरेखाली करू शकतात, आणि भिंतीवर पडणारे उजेडाचे ठिपके चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त गूढ दिसतात. आत खरी पणती ठेवणार असाल तर माथ्यावरही एक भोक ठेवा, धूर आणि उष्णता जायला. आतून पानाला लावतात तो ओला चुना फासला की बुरशी थोडी उशिरा येते. थोडीच, कारण ऑक्टोबरअखेरीस लखनौत दुपार अजून तिशीला टेकलेली असते. अमेरिकेत भोपळा आठवडाभर पायरीवर बसतो, इथे तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाला फेस येतो. म्हणून आदल्या संध्याकाळी कोरा, त्याआधी नाही. खरवडलेल्या गराचे घारगे. ज्यांना घारगे माहीत नाहीत त्या शेजाऱ्यांना एकेक द्या. कद्दूची भाजी-पुरी खाऊन मोठे झालेले लोक आहेत, गूळ घातलेला गोड भोपळा ते शंकेनंच हातात घेतात, पण दुसरा मागतात.

या सगळ्यात माझी सर्वांत आवडती गोष्ट फुकटात होते. आपल्या हडळीची आणि इकडच्या चुडैलची पावलं उलटी असतात, यावर महाराष्ट्र आणि अवध यांचं पूर्ण एकमत आहे. ती पावलं फरशीवर उमटवायची. तंत्र तुम्हाला येतंच, गौरीच्या किंवा गोकुळाष्टमीच्या पावलांचं: तांदळाच्या पिठाची दाटसर पेस्ट, तीत मुठीची करंगळीकडची कड बुडवून ठसा, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. उजव्या मुठीचं एक, डाव्या मुठीचं एक. पण नुसती पावलं उलट्या दिशेनं काढली तर बघणाऱ्याला एवढंच वाटतं, की कोणीतरी त्या बाजूला गेलं. उलटेपणा कळायला चालण्याची दिशा कळायला हवी, आणि ती कळते ठशांच्या फिकेपणावरून. ओल्या पायानं चालणाऱ्याचा पहिला ठसा भरगच्च असतो, पुढचे फिके होत जातात. म्हणून न्हाणीघराच्या दारापाशी भरगच्च ठसा काढा, आणि पेस्ट पुन्हा न घेता हात थोडा थोडा कोरडा होऊ देत घराच्या मुख्य दाराकडे या. बोटांचे ठिपके मात्र प्रत्येक वेळी न्हाणीघराकडे. पाहुणा दोन मिनिटं ‘ही काय रांगोळी आहे’ म्हणून बघतो, मग ठसे कुठून कुठे फिके होताहेत ते त्याच्या ध्यानात येतं आणि तो मागे वळून न्हाणीघराच्या दाराकडे बघतो. लक्ष्मीपूजनाच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि त्याच पिठानं लक्ष्मीची पावलं बाहेरून आत. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. पुसणार आहोत हे कळलं की बहुतेक सासवा राजी होतात. एखादी तर स्वतःच मूठ बुडवते.

आवाजाबद्दल थोडं. बड्या इमामबाड्याच्या मुख्य दालनात, १७८४ च्या दुष्काळात आसफउद्दौलानं लोकांना काम मिळावं म्हणून जे बांधायला घेतलं त्यात, गाइड एका टोकाला काडी ओढतो आणि सुमारे पन्नास मीटरवर दुसऱ्या टोकाला ती ऐकू येते. त्याच इमारतीतल्या भूलभुलैयात किंचाळणाऱ्या पोरांपेक्षा ती काडी जास्त दचकवते. तेव्हा मोबाइलवरच्या विकट हास्याच्या फाइली नकोत. आतल्या खोलीत स्टीलच्या पातेल्यात थेंब थेंब पाणी पडू द्या, तेवढं पुरे. संगीत हवंच असेल तर दिवेलागणीला मारवा किंवा श्री लावा. रागांचे प्रहर ग्रंथांत नीट मांडणाऱ्या भातखंड्यांनी १९२६ मध्ये याच शहरात संगीत महाविद्यालय काढलं, तेव्हा लखनौतल्या मराठी घराला एवढा हक्क आहेच. मारव्यात षड्जावर टेकायचं सतत लांबवलेलं असतं. शेजारच्या खोलीतून हळू आवाजात ऐकला की त्यातली अस्वस्थता संगीत न कळणाऱ्यालाही लागते.

वासासाठी चौकातून अत्तर. कन्नौजचं मिट्टी अत्तर इथे सहज मिळतं. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, बोळा दाराच्या मागे; बंद तळघराचा ओलसर वास येतो. लोबानही छान, पण जरा बेतानं. दिवाळीच्या आसपास लखनौची हवा आधीच जड असते, घरात दम्याचं माणूस असेल तर धूर नकोच.

काही गोष्टी टाळायच्या. कापसाची खोटी जाळी बाल्कनीत लावू नका, चिमण्या आणि खारी अडकतात. शिवाय ज्या आठवड्यात घरातली खरी जळमटं काढायला माणूस लावला आहे त्याच आठवड्यात विकतची लावणं हा प्रकार घरातल्या कोणालाही समजावून सांगता येत नाही. परातीत पाणी भरून तरंगते दिवे ठेवलेत तर रात्रीच पाणी ओता, कारण हे दिवस डेंग्यूचे. पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे माती तेल पीत नाही. कापड, कागद आणि खरी ज्योत एका कोपऱ्यात नको, आणि वाळूची एक बादली दाराशी असू द्या. घुबडं फक्त मातीची. चिनहटकडे अयोध्या रस्त्यावरच्या मातीकामाच्या दुकानांत शोधा. दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी जिवंत घुबडं चोरून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. कोणी दाखवलंच तर घासाघीस न करता वन विभागाला कळवा. आणि फोटोसाठी हॅलोविनचे मुखवटे घालून इमामबाड्यात किंवा रेसिडेन्सीच्या कबरस्तानात जाऊ नका. पहिलं लोकांचं श्रद्धास्थान आहे, दुसऱ्यात खरी माणसं पुरलेली आहेत.

शेजाऱ्यांचं भान ठेवायचं ते एका बाबतीत: वर्षभरात ज्या घरी कोणी गेलं असेल त्या मजल्यावर काही लावू नका, त्यांच्या दारावरून मुलांची वरातही नेऊ नका. पितृपक्ष संपून जेमतेम महिना झालेला असतो. बाकी बोलावणं सगळ्यांना द्या. बंगाली काकू चौदा दिव्यांतला एक तुमच्या दाराशी लावतील, खालच्या मजल्यावरच्या खालाजान जिन्नांच्या दोन गोष्टी सांगतील. त्या गोष्टी तुमच्या सगळ्या सजावटीला भारी पडतील, म्हणून त्या शेवटी ठेवा. मुलांना आपल्या मुंज्याची आणि वेताळाची गोष्ट तुम्ही सांगा, इथे पिंपळ प्रत्येक वळणावर आहेतच. खाऊला चॉकलेटं चालतात; पण नोव्हेंबर लागला असेल आणि थंडी पडायला लागली असेल तर पहाटे गोल दरवाज्याशी मक्खन मलाईवाले बसायला लागतात. दुधाचा तो फेस पहाटेच्या गारठ्यात उभा राहतो आणि ऊन तापलं की बसतो. भुतांच्या मेजवानीला याहून योग्य पदार्थ मला ठाऊक नाही.

आवराआवर त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवशी अभ्यंगाला पहाटे उठायचं आहे. कारीट इथल्या बाजारात शोधत बसू नका, पुण्या-मुंबईहून कोणी येणार असेल तर त्यांच्या पिशवीत टाकायला सांगा. चिकन धुऊन पुन्हा कपाटात, एलईडीच्या बॅटऱ्या काढून ठेवा. कोरलेला भोपळा चुना न लावलेला असेल तर गायीला. लावला असेल तर कुंडीत पुरा. कापलेले पतंग उडत नाहीत, पण त्यांच्या काँपा मुलं जमघटाला दुरुस्तीसाठी मागायला येतात, तेव्हा त्या फेकू नका.